पदकानंतरचे दिवस

वर्तमानपत्रांत विजयी खेळाडूचें छायाचित्र आपण पाहतों, कौतुकाचे चार शब्द बोलतों, आणि आठवड्याच्या आंत तेंच पान फडताळांत डब्यांखालीं अंथरलें जातें. छायाचित्रांतील तो तरुण अगर ती तरुणी पुढें कोठें गेली, उदरनिर्वाहाची कोणती वाट तिनें धरली, गळ्यांतील पदक उतरवून ठेवल्यावर तिच्या घरीं चूल कशी पेटली, ही चौकशी आपणांपैकीं फारच थोडे करितात. जिंकण्याची कथा साऱ्या गांवाला पाठ असते. जिंकून परतल्यानंतरची कथा घरच्या चार माणसांपलीकडे बहुधा कोणास ठाऊक नसते. प्रस्तुत लेखांत त्या दुसऱ्या कथेचा विचार करण्याचें योजिलें आहे.

हा विचार आमच्या मनांत घोळूं लागला तो आमच्या वनप्रदेशामुळें. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९८२ सालापर्यंत एकच होते, आणि जुन्या माणसांच्या तोंडीं अजूनही 'चांदा' हेंच नांव सहज येतें. वैनगंगा ओलांडून पूर्वेकडे गेलें म्हणजे साग, मोह, तेंदू आणि बांबू यांचें दाट रान लागतें. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग अरण्यानेंच व्यापिलेला आहे. अशा मुलखांत मुलें काय खेळत असतील, असें शहरांतील वाचकांस विचारलें तर ते बहुधा क्रिकेटचें नांव घेतील. परंतु येथील आश्रमशाळांच्या पटांगणांत आणि खेड्यांच्या कडेला सायंकाळीं कबड्डीच्या जोडीनें जो खेळ आम्हीं रंगतांना पाहिला तो व्हॉलीबॉलचा. त्याचें कारणही उघड आहे. अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद एवढी सपाट जागा, दोन बांबू, एक जाळी आणि एक चेंडू, इतक्या साहित्यांत दोन्ही बाजूंचे मिळून बाराजण तास दोन तास रमतात. धान कापून मोकळी झालेली बांधी त्यास पुरते. गडचिरोलीच्या पोलीस दलानेंही बिरसा मुंडा यांच्या नांवानें या खेळाच्या स्पर्धा भरविलेल्या आहेत.

या रानांतलीं मुलें आतां दूरवर पोहोंचूं लागलीं आहेत. २०१८ सालच्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं एव्हरेस्टचें शिखर गांठलें; त्यांत एक मुलगी होती. २०२३ सालच्या अखेरीस बल्लारपूरजवळ विसापूर येथील क्रीडासंकुलांत राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या, आणि देशोदेशींच्या नव्हे तरी प्रांतोप्रांतींच्या मुलांची धांव चांद्याच्या लोकांनीं घरबसल्या पाहिली. उद्यां एटापल्लीची अथवा जिवतीची एखादी मुलगी भारताच्या व्हॉलीबॉल संघांतून परदेशीं खेळली तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. प्रश्न त्यापुढचा आहे. ती परत आल्यावर काय?

संस्कृताच्या अध्यापनांत आमचीं वर्षें गेलीं, म्हणून दृष्टांतही त्यांतलाच सुचतो. तत्पुरुष समासांत अर्थाचा भार उत्तरपदावर असतो. 'राजपुरुष' म्हटलें म्हणजे आपण राजाविषयीं बोलत नसून पुरुषाविषयीं बोलत असतों. खेळाडूच्या आयुष्याचेंही असेंच आहे. लोक पूर्वपदाकडे पाहून दिपून जातात. त्या बिचाऱ्यास जगावयाचें असतें तें उत्तरपद. इतरांस वानप्रस्थ साठीच्या सुमारास सुचतो. खेळाडूस मैदान सोडावें लागतें तें तिशीच्या आगेंमागें, आणि त्यानंतर चाळीस वर्षें संसार चालवावयाचा असतो.

व्हॉलीबॉलच्या इतिहासांत या दृष्टीनें पाहण्याजोगें एक आयुष्य जपानांतील आहे. त्यासाठीं वाचकांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर त्या देशीं यावें. हा खेळ अमेरिकेंत विल्यम मॉर्गन नामक व्यायामशिक्षकानें १८९५ सालीं काढिला. ऑलिंपिक सामन्यांत त्यास प्रवेश मिळाला तो १९६४ सालीं, तोक्यो शहरीं. जपानच्या स्त्रियांच्या संघाच्या नायिका मासाए कासाई या होत्या. बाराजणींच्या त्या संघांतील बहुतेकजणी ओसाकाजवळील काइझुका येथील एका सूतगिरणींत नोकरीस होत्या. सकाळीं आठ वाजतां कामावर जावें, तिसऱ्या प्रहरीं काम आटोपावें, आणि मग मध्यरात्रीपर्यंत सराव करावा, असा त्यांचा वर्षानुवर्षें क्रम चालला होता. त्यांचे शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु हे दुसऱ्या महायुद्धांत इंफाळच्या भीषण मोहिमेंतून जिवंत परतलेले सैनिक होते, आणि त्यांची शिस्त इतकी कठोर होती कीं तिच्यावर त्या काळींही टीका झाली. जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलावयाचा आणि त्याच वेगांत पुनः उभें राहावयाचें, ही त्यांनीं बसविलेली युक्ति पुढें जगानें उचलली. सोव्हिएत वृत्तपत्रें या मुलींना 'पूर्वेकडील चेटकिणी' म्हणूं लागलीं. १९६२ सालीं मॉस्को येथें जाऊन त्यांनीं सोव्हिएत संघास हरविलें व जगज्जेतेपद मिळविलें.

या विजयानंतर थांबावें असें कासाईबाईंच्या मनांत होतें. वय एकोणतीस झालें होतें, आणि लग्नाचें वय निघून चाललें ही चिंता त्या देशांतल्या घरांतूनही आपल्याइतकीच होती. परंतु तोक्योचें ऑलिंपिक दोन वर्षांवर आलें होतें, आणि तोंपर्यंत खेळत राहावें असा आग्रह करणारीं पत्रें देशाच्या कानाकोपऱ्यांतून येऊं लागलीं. बाई राहिल्या. २३ ऑक्टोबर १९६४ रोजीं सोव्हिएत संघाशीं अखेरचा सामना झाला. पहिले दोन डाव जपाननें पंधरा-अकरा आणि पंधरा-आठ असे घेतले. तिसऱ्या डावांत चौदा गुण झाल्यावर शेवटचा एक गुण कांहीं केल्या हातीं लागेना. प्रतिपक्ष तेरापर्यंत येऊन भिडला. अखेर सोव्हिएत खेळाडूचा हात जाळीपलीकडे गेला, शिटी वाजली, आणि सामना संपला. त्या रात्रीं तोक्यो भागांतील शंभरांपैकीं सहासष्टांहून अधिक घरांत दूरदर्शनवर हाच सामना चालला होता, अशी नोंद आहे.

आतां उत्तरपद पाहूं. पुढें पंतप्रधान एइसाकु सातो यांच्या भेटीचा योग आला असतां, आपणांस विवाह करण्याची इच्छा आहे पण खेळापायीं कोणाशीं ओळखच होऊं शकली नाहीं, असें बाईंनीं संकोच न धरितां सांगितलें. सातो यांनीं मध्यस्थी केली आणि एका सेनाधिकाऱ्याशीं १९६५ सालीं बाईंचा विवाह झाला. ही गोष्ट वाचून कांहीं वाचकांस हंसूं येईल. आम्हांस तींत एक गंभीर अर्थ दिसतो. ज्या राष्ट्रानें या स्त्रीचीं ऐन तारुण्याचीं वर्षें मागून घेतलीं, त्या राष्ट्राच्या प्रधानास आपल्यावर कांहीं ऋण आहे असें वाटलें. ऋण फिटलें कीं नाहीं हा प्रश्न निराळा. परंतु तें मान्य केलें गेलें.

यापुढील भाग आम्हांस पदकाहूनही मोलाचा वाटतो. त्या विजयानंतर जपानांतील सामान्य गृहिणींनीं व्हॉलीबॉल उचलला. मुलांना शाळेंत धाडून, स्वयंपाकपाणी आटोपून, शाळांच्या व्यायामशाळांत त्या जमूं लागल्या. या प्रकारास तेथें 'आयांचा व्हॉलीबॉल' अशा अर्थाचें नांव पडलें, आणि त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाल्या. कासाईबाई स्वतः संसारी झाल्यावर अशा स्त्रियांस शिकवीत असत. २०१३ सालीं ऐंशी वर्षांच्या होऊन त्या वारल्या. जगज्जेत्या संघाची नायिका शेजारपाजारच्या आयांना चेंडू कसा उचलावा हें शिकविते, यांत कोणास उतरंड दिसेल. आमच्या मतें खेळाचें सार्थक तेथेंच झालें. एका पदकाचीं हजारों मैदानें झालीं.

आपल्या देशांतही या खेळाला मानाचे दिवस आलेले आहेत. आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुषसंघानें १९५८ सालीं कांस्यपदक, १९६२ सालीं रौप्यपदक आणि १९८६ सालीं पुनः कांस्यपदक मिळविलें. १९८६ च्या संघांतील केरळचे जिमी जॉर्ज यांस पोलीस खात्यानें नोकरी दिली होती, आणि पुढें इटलीच्या नामवंत संघांतून ते पगारी खेळाडू म्हणून खेळले. दुर्दैवानें १९८७ सालच्या नोव्हेंबरांत त्याच देशीं मोटार-अपघातांत त्यांचा अंत झाला. वय अवघें बत्तीस. त्यांच्या वांट्यास उत्तरपद आलेंच नाहीं. परंतु त्यांचे बंधू व चाहते यांनीं त्यांच्या नांवानें खेळाडूंस पुरस्कार देण्याची प्रथा पाडिली, आणि तिरुवनंतपुरम येथील क्रीडागृहास त्यांचें नांव दिलें गेलें.

महाराष्ट्राकडे वळलें म्हणजे मात्र मन थोडें खिन्न होतें. व्हॉलीबॉलचें नव्हे, पण कुस्तीचें एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ चा. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें ठरलें तेव्हां पैशाचा प्रश्न पुनः उभा राहिला. गांवकऱ्यांनीं वर्गणी केली. परंतु सर्वांत मोठा वांटा एका शिक्षकाचा होता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आमच्या व्यवसायांतील एका गृहस्थानें हें केलें, याचा आम्हांस जितका अभिमान वाटतो तितकीच चुटपुटही लागते. कारण जें काम समाजानें करावयाचें तें एका घराच्या कर्जखतावर आलें.

हेलसिंकीस जपानच्या इशिई याच्याशीं खाशाबांची कुस्ती पंधरा मिनिटांच्यावर चालली आणि ती थोडक्यांत गेली. त्यानंतर नियमाप्रमाणें अर्धा तास विश्रांति मिळावयास हवी होती; पण ती मागण्यास भारताचा एकही अधिकारी तेथें हजर नव्हता, आणि थकल्या अंगानें त्यांना सोव्हिएत मल्लाशीं भिडावें लागलें, असें सांगतात. तरीही कांस्यपदक आलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठीं देशास १९९६ पर्यंत वाट पाहावी लागली. कऱ्हाडास त्यांची मिरवणूक निघाली तेव्हां दीडशेंच्यावर बैलगाड्या जमल्या होत्या.

बैलगाड्या आपापल्या गांवीं परतल्या. खाशाबांनीं मग काय केलें? कुस्त्या धरिल्या, बक्षिसाचा पैसा गोळा केला, आणि प्राचार्यांच्या घराचें गहाण सोडविलें. म्हणजे ज्या विजयाचा आनंद साऱ्या देशानें घेतला, त्याचें कर्ज विजेत्यानेंच आपल्या अंगमेहनतीनें फेडलें. १९५५ सालीं ते पोलीस दलांत उपनिरीक्षक झाले. सत्तावीस वर्षें चाकरी करून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठीं त्यांना झगडावें लागलें. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनीं. दिल्लींतील एका कुस्तीगृहास त्यांचें नांव आहे. पण ज्याच्या घरीं वेतनाची वाट पाहिली जात होती, त्याला त्या नांवाचा उपयोग काय झाला असेल, हें सुज्ञांनींच ताडावें.

काळ अगदींच बदलला नाहीं असें नाहीं. महाराष्ट्रास दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षें लागलीं; २०२४ सालीं पॅरिस येथें कोल्हापूरकडील स्वप्निल कुसाळे यांनीं नेमबाजींत तें आणिलें. रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी त्यांच्या हातीं आधींपासून होती, आणि पदकानंतर लागलीच बढतीही मिळाली. राज्य शासनाच्या नोकऱ्यांतही गुणवान खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखलेल्या असतात. हा भेद लहान नाहीं. पोटाची चिंता ज्याची मिटली आहे त्याचा नेम स्थिर राहतो, हें सांगावयास नेमबाजाची गरज नाहीं.

तरी नोकरी ही एकच गोष्ट झाली. कासाईबाई आणि खाशाबा यांचीं आयुष्यें शेजारीं ठेवून पाहिलीं तर दुसरीही एक उणीव आपल्या इकडे दिसते. खाशाबांजवळ जी विद्या होती ती गांवोगांवच्या तालमींपर्यंत पोहोंचविण्याची रीतसर योजना समाजानें केली नाहीं. त्यांना पोलीस दलांत खेळाचे शिक्षक म्हणून काम मिळालें, तेवढेंच. खेळाडू परतला म्हणजे त्याचा सत्कार करावा हें आपणांस समजतें. त्यास कामास लावावें हें समजत नाहीं.

हें काम फार मोठें असावें लागतें असें मुळींच नाहीं. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. धानोऱ्याकडील एका खेड्यांतली ही गोंड समाजाची मुलगी वसतिगृहांत राहून शिकली, शाळेच्या व्हॉलीबॉल संघांतून विभागाच्या स्पर्धेपर्यंत गेली, आणि बारावीनंतर लग्न होऊन संसारास लागली. ऑलिंपिक तर दूरच, तिच्या घरीं भिंतीवर टांगण्यासारखें प्रशस्तिपत्रही एकच. दहा-बारा वर्षांनीं आठवडी बाजारांत गांठ पडली तेव्हां तिनें आमची प्रकृति विचारली, आणि पाठोपाठ विचारलें कीं, 'गुरुजी, जाळी कोठें चांगली मिळते?' गांवांतल्या बचत गटाच्या बायकांनीं थोडे थोडे पैसे काढून जाळी-चेंडू घ्यावयाचें ठरविलें होतें. रोवणीचे दिवस सोडून एरवीं सायंकाळीं खेळावयाचें, असा त्यांचा बेत. सासूनें आधीं नाक मुरडलें; पुढें तीच नातवाला कडेवर घेऊन मैदानाच्या कडेला बसूं लागली आणि कोणाचा चेंडू बाहेर पडला तें सांगूं लागली. त्या गांवांतील मुली आतां आयांना पाहून खेळूं लागल्या आहेत. कासाईबाईंचें नांवही या बाईनें ऐकलेलें नव्हतें. पण जें त्यांनीं जपानांत केलें तेंच हिनें पन्नास घरांच्या गांवांत केलें.

येथवर वाचून, यांत आमचा काय संबंध, असें कोणी गृहिणी म्हणतील. संबंध आहे. पहिली गोष्ट आपल्या स्वतःच्या घरची. दूरदर्शनवर परक्या मुलीचा खेळ पाहून आपण टाळ्या वाजवितों, आणि आपल्या मुलीचें दहावीचें वर्ष आलें कीं तिचा खेळ प्रथम बंद करितों. अभ्यासाला वेळ हवा हें खरें. पण सायंकाळचा एक तास काढून घेतल्यानें गुण वाढतात असा अनुभव आमच्या एवढ्या वर्षांच्या मास्तरकींत आम्हांस आला नाहीं. याच्या उलट चूकही करूं नये. मुलगा किंवा मुलगी खेळांत चमकली म्हणून शिक्षण अर्धें सोडवूं नये. गुडघा दुखावला कीं खेळ एका दिवसांत संपतो. शिकलेलें संपत नाहीं. प्रमाणपत्रें, नोंदी, खेळाच्या जागांसंबंधींचे नियम, हीं सर्व घरांतील वडील माणसांनीं जपून ठेवावीं. मैदानावरील पोरास तें सुचत नसतें.

दुसरी गोष्ट पैशाची. स्पर्धेला जाणाऱ्या मुलास आपण मदत करितों ती देणगी म्हणून करावी, उसनवार म्हणून करूं नये, आणि ती एकाच्या शिरावर पडूं देऊं नये. दहा घरांनीं थोडें थोडें दिलें तर कोणा प्राचार्यास घर गहाण टाकावें लागत नाहीं.

तिसरी गोष्ट परतल्यानंतरची. आपल्या गांवीं, आपल्या शाळेंत कोणी खेळाडू परत आला असेल, मग तो देशासाठीं खेळलेला असो वा तालुक्यासाठीं, त्यास हार घालून मोकळे होऊं नये. आठवड्यांतून दोन दिवस मुलांना शिकव म्हणून सांगावें, आणि त्याबद्दल कांहीं मानधन द्यावें. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९१४ पासून हेंच केलें आहे. तेथें शिकलेले शिक्षक वऱ्हाड-नागपुरांतील किती शाळांतून व्यायाम शिकवीत आले, हें जुन्या वाचकांस सांगावयास नको.

आणि एक शेवटची सूचना विशेषतः भगिनींसाठीं. संक्रांतीच्या हळदीकुंकवास आपण जें वाण लुटतों, त्यांतील पुष्कळशा वस्तू पुढील संक्रांतीपर्यंत माळ्यावर पडून राहतात. एका वर्षीं आळींतील दहाजणींनीं तो खर्च एकत्र करून एक जाळी आणि दोन चेंडू चंद्रपूर-गडचिरोलीकडील एखाद्या आश्रमशाळेस धाडून पाहावे. बरोबर एक चिठ्ठी असावी, कीं मुलींनाही खेळूं द्यावें, आणि गांवांतील आयांनाही. जाळी बांधावयास लागणारे दोन बांबू धाडण्याची जरूर नाहीं. ते आमच्या रानांत हवे तितके आहेत.